पैलवानाच्या अंगाला काळी रेघ

५ फेब्रु. ९९, शुक्र.
पट्टी सुटली. मिरजेहून पलूसला घरी आले. उजव्या डोळ्यानं लख्ख दिसतंय! सूनबाईच्या नाकात चमकी हाय, मी आपली तीळ समजत हुते. डाव्यातला मोतीबिंदू राहिलाय, त्याची तारीख मागनं. डॉ. म्हणाले, वाकू नका, डोक्यावरनं पाणी नको, टीव्ही आठ दिवस बंद. बाकीचं सगळं ऐकीन.

७ फेब्रु., रवि.
सगळी लग्नाला गेली. मी एकटीच. हळूच टीव्ही लावला. आमच्या दोन मालिका. एकीत परमुलखातल्या देवाचा पोरगा, त्याला मी पैलवान म्हणते. दुसरीत तलवारीची बाई. चांगली हाडामासाची माणसं, नात पल्लवीसंगं दर आठवड्याला बघते. तर आज दोघं एकाच पिक्चरात! म्हसवडच्या सिद्धनाथाला दुसऱ्या गावची पालखी भेटावी तसं झालं. लय आनंद. अन् जवळ सरकून बघते तर... आवाज तोच, कपडे तेच, माणसं रंगवल्याली! पैलवानाच्या अंगाला सगळीकडनं काळी रेघ. बाईचं नाक म्हंजे नुसता फराटा.
बंद केला. बघू नका म्हणलं हुतं, बघितला. भोगा आता. गेला डोळा.

८ सोम.
कुणाला बोलले न्हाई. सूनबाईकडं टक लावून बघितलं, रेघ न्हाई. माझ्या बाळूला बी न्हाई. कॅलेंडरातल्या लक्ष्मीला हाय, पण तिला आधीपासनंच असंल. कसं कळावं?
बाळू म्हणाला, "आई, दुसऱ्या डोळ्याची तारीख घेऊ?"
"नको. एकावर भागतंय माझं."
सूनबाई म्हणाली, "आवं आत्ती, परवा तर नाचत हुतासा!"
खरं हाय. अर्धी भाकरी ताटात ठेवून उठले.

१० बुध.
सुटले गं बाई! पल्लवी शाळेतनं आली ती फुरंगटूनच. "आज्जे, लग्नापायी आपला पिक्चर बुडाला. पैलवान अन् बाई एकत्र हुती, ते बी कार्टूनमधी!"
"कार्टून म्हंजे तुझं उंदीर-मांजराचं?"
"व्हय. सगळी माणसं हातानं काढल्याली."
तिचा मुकाच घेतला. उंदीर-मांजर काढत्यात ते ठावं हुतं. पण जित्तं माणूस असताना त्याला काढायचं कशाला? ही कसली हौस! हसता हसता तोंडातनं गेलं, "तरीच त्याला रेघा आल्या!"
सूनबाई लाटणं घेऊनच बाहेर. "आत्ती, टीव्ही बघितलासा व्हय?"
बाळू म्हणतोय, "आईचा डोळा लयच झ्याक झालाय, रेघा सुदिक दिसाय लागल्या." जेवले पोटभर. सूनबाई मात्र अजून गाल फुगवून.

११ गुरु.
बाळूला म्हणलं, घे तारीख. परवा मिरजेला जायचं. आधी उजवा बघणार, तो बरा असला तर डाव्याचं ठरवणार. बराच हाय, मला दिसतंय न्हवं. पण सकाळधरनं एकच डोक्यात. टीव्ही बघितल्याचं डॉक्टरला डोळ्यात दिसतंय का काय? पल्लवी म्हणती, न्हाई दिसत. सूनबाई म्हणती, दिसतंय.