शाळेतला वाढदिवस

१७ नोव्हेंबर, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. पाकीट बघून घाबरू नकोस, कुणाचं काही बरंवाईट झालेलं नाही. फोनवर लिहिलं असतं तर तू त्यावर एक लाल बदाम चिकटवून पुढे गेली असतीस, म्हणून कागद घेतला. अक्षर बिघडलंय, सांभाळून घे. आज दुकानातून सुट्टी घेतलीय. मालकांना पोट बिघडल्याचं सांगितलं. खरं कारण पुढे लिहीन, धीर झाला तर.

इकडे सगळं ठीक. तुझी खुशाली विचारायची रीत आहे, पण विचारू काय? तुझ्या कुंडीतल्या टोमॅटोला फळ धरलं, भाऊजींनी मिशी काढली (बरी दिसत नाही, पण त्यांना सांगू नकोस), सगळं मला ठाऊक आहे. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, एवढंच ठाऊक नाही. त्याचा फोटो कुणी टाकत नाही ना.

माझं काम तेच, पासपोर्टच्या फोटोंचं. माणसाला पडद्यासमोर स्टुलावर बसवायचं, हनुवटी सरळ करायची आणि म्हणायचं, "हसू नका." परवा एक आजोबा म्हणाले, "काळजी नको बाई, घरून तसाच आलोय." मग दोघंही हसलो आणि फोटो परत काढावा लागला. दिवसभर लोकांना हसू नका म्हणायचं आणि घरी येऊन, फोन पाण्याच्या जगला टेकवून, जेवताना सगळ्या जगाला हसताना बघायचं. मुलगा शिकायला गेल्यापासून असंच चाललंय. फोन खाली ठेवला की घर फार शांत होतं, म्हणून परत उचलते. उचलला की सगळे एकमेकांत रमलेले दिसतात आणि आणखीच एकटं वाटतं. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

एक कबूल करते. मागे मी चहाचा फोटो टाकला होता, टेबलावर दोन कप. तू खाली लिहिलंस, "कोण आलंय गं? मजा आहे बाई तुझी!" मी हसरं तोंड पाठवलं. कुणी आलं नव्हतं, ताई. एका कपाचा फोटो बरा दिसेना, म्हणून दुसरा मांडला. चहा टाकवेना म्हणून दोन्ही मीच प्यायले आणि पित्ताने हैराण झाले.

आज सकाळपासून आपलं जुनं घर आठवतंय. मला शाळेत घालायला बाबा गॅरेजमधून तसेच गेले होते, हाताला ग्रीस. बाईंनी जन्मतारीख विचारल्यावर ते गडबडले आणि समोर कॅलेंडरात दिसली ती तारीख सांगून मोकळे झाले. वर्ष तेवढं बरोबर सांगितलं, नशीब. म्हणजे शाळेच्या लेखी मी ज्या तारखेला पहिलीत गेले, त्याच तारखेला जन्मले! आईने डोक्याला हात लावला. तू मात्र नऊ वर्षांनी मोठी असल्याच्या तोऱ्यात जाहीर केलंस, "शाळेची तारीख शाळेला राहू दे. खरी मी लक्षात ठेवीन."

आणि ठेवलीस की. लग्न होऊन गेलीस तरी दरवर्षी त्या दिवशी सकाळी तुझा फोन ठरलेला आणि फोनवर गोष्टही ठरलेली. तू जिन्यात बसली होतीस. बाबा दवाखान्यातून आले आणि म्हणाले, "बहीण झाली." तू म्हणालीस, "मला भाऊ सांगितला होता. बदलून आणा." गोष्ट संपली की विचारायचीस, "अजून बदलून मिळेल का गं?" मी म्हणायचे, "पावती हरवली." आई तुझ्याकडे राहायला आलेली असली की मागून तिचं हसू ऐकू यायचं.

फोनवर खातं उघडताना मी शाळेचीच तारीख घातली, सगळ्या कागदांवर तीच आहे. यंदा जूनमध्ये त्या दिवशी शुभेच्छांची नुसती झुंबड. दुकानातली गिऱ्हाइकं, मुलाच्या मित्रांच्या आया, कोण कोण. सगळ्यांना फसवल्याची मजा घेत मी एकेकाला धन्यवाद देत बसले. आणि त्यांच्यात तुझं नाव दिसलं. केक, फुगे, "वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!"

ताई, तुलासुद्धा फोननेच सांगितलं?

तुलाही धन्यवाद लिहिलं, दुसरं काय लिहिणार? मनाची समजूत घातली, ताईचा फोन नवा आहे, घाईत बोट लागलं असेल. खऱ्या दिवशी फोन करेल.

तो दिवस आज आहे. त्यासाठीच सुट्टी घेतली. सकाळपासून फोन दोनदा वाजला. एकदा बँकेचा, एकदा मालकांचा, पोट कसं आहे म्हणून. मध्येच तू पिकलेल्या टोमॅटोचा फोटो टाकलास. मी बदाम दिला.

तो देताना पहिल्यांदाच मनात आलं, की टोमॅटो पिकला हे सांगायला तुलाही घरात कुणी नसेल का? भाऊजी त्यांच्या फोनमध्ये, म्हणून तू आम्हा सगळ्यांना दाखवतेस का? तसं असेल तर मला विचारायला हवं होतं. मी समजत होते, तू रोज दिसतेस म्हणजे बरी आहेस. तूही माझे दोन कप बघून तेच समजलीस.

पत्र पोचेपर्यंत तारीख उलटून गेली असेल. असू दे. वाचलंस की फोन कर आणि जिन्यापासून सुरू कर. आई गेली, बाबा गेले. ती गोष्ट सांगणारं तुझ्याशिवाय आता कुणी उरलं नाही. तूही विसरलीस, तर मी फक्त शाळेच्या तारखेलाच जन्मलेली राहीन.

गुडघ्याचंही सांग. फोटो नको, तोंडाने सांग.

पावती काही सापडलेली नाही. आहे तीच ठेवून घे.

तुझी,
बदलून न आणलेली