युनाच्या खिडकीचे पडदे

६ सप्टेंबर २०२१

प्रिय युना,

मंगळवार, २१ एप्रिल २०२०, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. त्या वेळी माझ्या नवऱ्याची, फिनटनची, शवपेटी तुझ्या फाटकासमोरून गेली आणि तुझ्या खिडकीचे पडदे बंद होते. तक्रारीच्या पत्रात पहिल्या ओळीत तारीख आणि वेळ, शेवटच्या ओळीत उत्तराची मुदत, आणि मधे रडगाणं नको, हे शाळेत सिस्टर बेनिग्नानं आपल्या दोघींना एकाच पट्टीनं शिकवलं. ती पट्टी माझ्या बोटांवर जास्त बसली, म्हणून माझ्या जास्त लक्षात आहे.

मयत जाताना पडदे ओढायची आपली जुनी रीत आहे, हे मला सांगू नकोस. आईही ओढायची. पण पडदे ओढून झाले की ती फाटकाशी येऊन उभी राहायची. त्या महिन्यात चर्चमध्ये दहाच माणसांना परवानगी होती, म्हणून सगळा गाव आपापल्या फाटकाशी अंतर राखून उभा होता. शेजारचा मॉसी टोपी छातीशी धरून होता. टपालवाला गाडीतून उतरला होता. ज्या डाउड मंडळींशी फिनटननं एका कुंपणापायी मरेपर्यंत अबोला धरला, तीसुद्धा होती. तुझ्या दाराशी शववाहिका हळू झाली, कारण ड्रायव्हरला वाटलं सख्खी मेहुणी बाहेर येईल. पडदा एकदा हलला. म्हणजे तू घरात होतीस.

त्याच्या महिनाभर आधी तूच मला फोन केला होतास. हॉस्पिटलात ऑपरेशनच्या तारखा देणं हे तुझं काम, आणि माझा खुबा बदलायचा दिवस चारच दिवसांवर आला होता. बॅग भरून दाराशी ठेवली होती. तू म्हणालीस की तातडीची नसलेली सगळी ऑपरेशनं रद्द झाली, खाटा साथीच्या रुग्णांना हव्यात. ते मला पटलं. मी तोंडाची फटकळ असेन, मूर्ख नाही. मी फक्त विचारलं, केव्हापर्यंत. तेव्हा तू म्हणालीस, “अगं डिम्फ, थोडी कळ काढ. खुब्यानं कुणी मरत नाही.”

आता फिनटन गेला त्या सकाळचं ऐक. तू कधी विचारलं नाहीस आणि मी कुणाला सांगितलं नाही. नव्या वासराच्या कानात बिल्ला टोचायला दोन माणसं लागतात, हे तू आपल्या बाबांच्या गोठ्यात पाहिलं आहेस. एक वासराला गुडघ्यांत धरतो, दुसरा काठी घेऊन त्याच्या आणि गाईच्या मधे उभा राहतो. लग्न झाल्यापासून ती काठी माझी होती. शाळेत शिकवत होते तेव्हाही आधी गोठा, मग शाळा. पण त्या वसंतात पाऊल टाकलं की माझ्या खुब्यात हाडावर हाड घासायचं, जात्यात खडा अडकल्यासारखं. फिनटन म्हणाला, तू फाटकाबाहेरच थांब, तुझ्याआधी हा खांब चालायला लागेल. मी म्हटलं, मॉसीला हाक मार. तर म्हणे, दुसऱ्याच्या घरच्या माणसाला जवळ बोलवायचं नाही, रेडिओवर रोज सांगतात. नियम पाळणारा माणूस होता तो.

तांबड्या गाईनं त्याला पाठीमागून पाडलं. मग ती पुढचे गुडघे टेकून त्याच्या छातीवर बसली आणि डोक्यानं त्याला चिखलात रगडत राहिली. बरगड्या मोडताना मला ऐकू आल्या, वाळलेल्या फांद्यांसारख्या. मी फाटकाची कडी काढली, पाय उचलला आणि तिथंच कोसळले. कोपरांवर सरपटत गेले. तिच्या नाकावर, डोळ्यांवर काठी हाणत राहिले, आणि काठी मोडली तेव्हा मोडक्या टोकानं तिचा डोळा फोडला. तेव्हा कुठे ती बाजूला झाली. फिनटनच्या तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. मला ते कळलं नाही, युना, आणि आता कळणारही नाही.

दुपारी मॉसी बंदूक घेऊन आला. गाय एका डोळ्यानं रक्त गाळत वासराला चाटत होती. तो म्हणाला, “ती आई आहे, डिम्फना. तिचं काय चुकलं?” मी म्हटलं, “बंदूक इकडे दे.” पहिली गोळी जबड्यात गेली. दुसरी कपाळात. वासराला मी बाटलीनं दूध पाजून वाढवलं. आता ती अंगानं भरलेली कालवड झाली आहे, आणि नेमकी माझ्या दुखऱ्या बाजूलाच ढुशी मारते.

तू बाहेर का आली नाहीस ते मला ठाऊक आहे. तुला तुझं ते वाक्य आठवत होतं. मलाही आठवत होतं. पण ते वाक्य त्या दिवसांत सगळेच बोलत होते, रेडिओवरसुद्धा, फक्त जरा सभ्य शब्दांत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार पडद्यांबद्दल आहे. मी नवरा पुरत असताना मला बहीणही पुरायला लावलीस.

मागच्या हिवाळ्यात ऑपरेशनं पुन्हा बंद पडली, आता पुन्हा सुरू झाली आहेत. गुरुवारी तुझ्याच खोलीतून फोन आला. आवाज तुझा नव्हता, कुणी तरुण मुलगी होती. २१ सप्टेंबरला माझ्या मांडीच्या हाडाचं डोकं करवतीनं कापून काढतील आणि आत नवा सांधा हातोड्यानं ठोकून बसवतील. ऐकून मला बरंच वाटलं; इतक्या दिवसांनी कुणीतरी माझ्या बाजूनं मारामारी करणार आहे. मग तिनं विचारलं, नंतरचे सहा आठवडे घरी सोबतीला कोण असेल, कुणी नसेल तर तारीख दुसऱ्याला द्यावी लागेल. तुझा भाचा डेक्लन पर्थहून येऊ शकत नाही, त्यांच्या सीमा अजून बंद आहेत. मी मॉसीचं नाव सांगायला तोंड उघडलं आणि तुझं नाव बाहेर पडलं. तिनं ते लिहूनही घेतलं. तेव्हा हो किंवा नाही, ते तुझ्या हातानं कागदावर लिही. फोन करू नकोस, फोनवर तू काय बोलतेस ते मी ऐकलं आहे. शुक्रवार, १० सप्टेंबर, दुपारी बाराच्या आत तुझं लेखी उत्तर माझ्या हातात पडलं पाहिजे.

तुझीच थोरली बहीण,
डिम्फना