कॅसेटवर न बोललेलं

जैनद
रविवार, ४ नोव्हेंबर १९९०

सौ. रुख्मिणी हिस,

पैनगंगेच्या पुलावर मधोमध माझी मोटरसायकल बंद पडली. पेट्रोल संपलं होतं. आठ देशांत कुठे संपलं नाही ते घरापासून तासाभराच्या अंतरावर संपलं. उतरलो आणि ढकलत निघालो. समोरून कापसाची बैलगाडी येत होती. गाडीवानानं विचारलं, "कोठून येऊन राह्यले भाऊ?"

मी म्हणालो, "कुवेतहून."

तो म्हणाला, "ढकलत?"

मग आम्ही दोघंही हसलो. पुलाच्या या टोकाला एका ट्रकवाल्यानं लिटरभर पेट्रोल दिलं आणि काल, शनिवारी दुपारी, मी जैनदला पोचलो. अम्मानहून निघाल्याला बावन्न दिवस झाले.

इथे सर्व बरे आहेत. आई बरी आहे, गुडघे धरतात. तुझी तब्येत बरी आहे असं धरून लिहितो. हे मी तुला लिहिलेलं पहिलं पत्र. लग्नाला नऊ वर्षं झाली, त्यातली सात मी तिकडे होतो, आणि कागदावर तुझं नाव मी या प्रवासात पहिल्यांदा लिहिलं.

आधी प्रवासाचं सांगतो. ते सोपं आहे.

ऑगस्टमध्ये कुवेतवर इराकचं सैन्य आलं हे तू ऐकलंच असशील. आमच्या गॅरेजचा मालक दुसऱ्याच दिवशी निघून गेला. किल्ली मला देऊन गेला. आठ-दहा दिवस मी रोज गॅरेज उघडत होतो, मग कळलं की कोणी येणार नाही. माझ्याकडे गाडी होती. दोन मोडक्या जपानी गाड्यांची एक केली होती, शुक्रवारच्या सुट्ट्यांत, दोन वर्षं लागली. इंजिन एकीचं, सांगाडा दुसरीचा. तिच्यावर बसून बसरा, बगदाद, तिथून वाळवंटातून जॉर्डन. अम्मानला आपल्या लोकांचा तळ पडला होता. हजारो माणसं. सरकारची विमानं येत होती आणि नंबरानं माणसं घेऊन जात होती, फुकट. माझा नंबर बारा सप्टेंबरला लागला. मी तो आपल्याकडच्या, निर्मल गावच्या एका माणसाला दिला आणि गाडीला किक मारली.

सीरियात एका बाईनं चुलीवरच्या गरम रोट्या अंगावर टाकल्यासारख्या दिल्या, नाव विचारलं नाही. तुर्कस्तानात अंकारा नावाच्या गावी पाकिस्तानच्या व्हिसाच्या शिक्क्यासाठी अकरा दिवस एका कचेरीच्या पायरीवर बसलो. तिथून पूर्वेला डोंगर. इतकी थंडी की सदऱ्याच्या आत वर्तमानपत्रं भरली. एक मोठा पांढरा डोंगर दिवसभर डाव्या हाताला राहिला, पुढे सरकेचना. वाटलं गाडी उभीच आहे. इराणात रस्ते चांगले. एके ठिकाणी वाळूचं वादळ आलं तेव्हा गाडी आडवी पाडून तिच्या आडोशाला चार तास पडून राहिलो. नंतर कार्बोरेटर खोलला तर त्यातून ओंजळभर वाळू निघाली. साफ केला, बसवला, दुसऱ्या किकला चालू.

रुख्मिणी, मला हे सांगताना बरं वाटतं. कोणी सोबत नव्हतं. नकाशा फाटका होता. मी आलो. वाघा सीमेच्या फाटकातून या बाजूला चाक आलं तेव्हा कस्टमच्या सरदारजीनं गाडीकडे पाहून विचारलं, "ये चलती है?" मी म्हणालो, "आठवा मुल्क है जी." त्यानं कागदावर शिक्का मारला आणि स्वतःचा चहा मला दिला.

नागपूरहून तार केली होती, म्हणून काल गावात बाजा लावला होता. सरपंचानं हार घातला. शाळा सुटली होती तरी मास्तरांनी पोरं थांबवली. आईनं वेशीवरच थांबवलं, पायावर पाणी घातलं, भाकरतुकडा माझ्यावरून ओवाळला आणि मग गाडीवरूनही ओवाळला. "तिनंच आणलं तुले," म्हणाली.

उद्धवराव काका गाडीभोवती दोनदा फिरले. "विमानाचं तिकीट फुकट होतं म्हन्तेत ना रे?"

"होतं."

"अन् तू हिच्यावर आला."

"हो."

"शायना हायेस."

लोक हसले. मीही हसलो. आत गेलो तर तू नव्हतीस. नसणार हे मला माहीत होतं. तरी चुलीपाशी पाहिलं.

संध्याकाळी काकांनी टेप आणला. तोच, मी शहाऐंशी साली सुटीवर येताना आणलेला. कोरी कॅसेट घातली, ओट्यावर मांडला, गल्ली जमली. म्हणाले, "बोल. आठ मुलकाचं सांग. भरून ठेवू, पोट्ट्यायले आयकाले होईल." मी टेपकडे बघत राहिलो. दोन्ही चक्रं फिरत होती. मग मी उठून बटण बंद केलं. "बोलनार नाही," म्हणालो. "मले लिवाचं हाये."

काका म्हणाले, "कोनाले?"

आई म्हणाली, "त्याले ठाऊक हाये कोनाले."

आता अवघड भाग येतो.

तिकडे सगळेच कॅसेट भरत. घरी वाचणारं नसे, म्हणून. सुटीवर जाणाऱ्याच्या हाती सगळ्या खोलीच्या कॅसेटी जात. मी इथल्या ओट्याला बोलायचो, तुला नाही. आईला नमस्कार, काकांना नमस्कार, पाऊस कसा, ज्वारी कशी, आणि शेवटी "रुख्मिणीनं तब्येत सांभाळावी." खोलीत दहा माणसं ऐकत असताना एवढंच बोलता येतं. तुमची कॅसेट यायची तिच्यात आई बोलायची, मग आईचा आवाज, "बोल ना व," आणि मग काही नाही. बांगड्या वाजायच्या. मी ती जागा मागे नेऊन पुन्हा ऐकायचो. हे तुला कधी सांगितलं नाही.

एकोणनव्वदच्या फेब्रुवारीत तुझं पत्र आलं. अकरा ओळी. मला पाठ आहेत. "मी द्वारकाबाईंच्या वर्गाला जाते. लिहायला शिकले. तुम्ही कॅसेटवर सर्वांचे बोलता. माझे काही असेल तर लिहून पाठवा. मी वाचीन."

मी ते खोलीत वाचून दाखवलं. ही माझी पहिली चूक. एक जण म्हणाला, "तुही बायको तं आंगठा लावते ना बे? मंग हे कोन लिवून देऊन राह्यला?" दुसरा म्हणाला, "लिवनारा हुशार दिसते." सगळे हसले. त्या हसण्यातून मला बाहेर पडता आलं नाही. आठ दिवस कामावर लक्ष नव्हतं. तू कोणासमोर बसून हे वाक्य सांगितलंस, "माझे काही असेल तर," आणि त्यानं ते कोणत्या नजरेनं लिहून घेतलं, एवढंच डोक्यात. अक्षर तुझं असेल हे मनातही आलं नाही. तू शिकलीस, असं तू लिहिलं होतंस, आणि ते वाचून मी विचारत होतो की हे कोणी लिहिलं.

आणि मग मी कॅसेट भरली.

त्यात मी काय बोललो ते तुला माहीत आहे. ओट्यावर बसलेल्या सगळ्यांना माहीत आहे. तरी लिहितो, कारण ते मी आजपर्यंत कबूल केलेलं नाही. मी म्हणालो, "रुख्मिणीले पत्र कोन लिवून देते, त्याचं नाव मले कळवा."

पुढच्या कॅसेटमध्ये बांगड्या नव्हत्या. काकांनी सांगितलं, "सून मुधोळले माहेरी गेली. बालवाडीत कामाले लागली." ज्वारीची खबर सांगावी तसं.

काल रात्रीचं जेवण झाल्यावर आई म्हणाली, "ते कॅसेट म्या तवाच बंद कराले पायजे होती. दोन शब्द आयकले तवाच समजलं होतं. पर तुहा आवाज होता बाप्पा. चार मयन्यानं आला होता." मग ती भांडी घासायला गेली. तिचा दोष नाही. बटण तिच्या हाती होतं, शब्द माझे होते.

मला कळलं ते अम्मानच्या तळावर. विमानासाठी फॉर्म भरायचे होते. माझ्या शेजारी निर्मलचा माणूस होता, तोच ज्याला मी पुढे नंबर दिला. तळावर बसल्या बसल्या एका बाईकडून तो स्वतःचं नाव लिहायला शिकला होता. पेन असा धरला जसा पहारीनं खड्डा खणायचा आहे. सही झाल्यावर त्यानं फॉर्म उचलला, तर खालच्या कोऱ्या कागदावर त्याचं नाव उमटलेलं. बोट फिरवलं तर लागत होतं. मी तुझं पत्र पिशवीतून काढलं आणि उलटं करून पाठीवर बोट फिरवलं. सगळ्या अकरा ओळी बोटाला लागल्या. दीड वर्षं ते माझ्याजवळ होतं आणि मी ते फक्त वाचलं होतं.

रोज लिहिणारा माणूस कागद असा दाबत नाही.

लोक विचारतात, विमान का सोडलं. मी सांगतो, गाडी टाकवली नाही. तेही खरं आहे. पण विमानानं मी दुसऱ्या दिवशी मुंबईत असतो आणि तिसऱ्या दिवशी तुझ्या दारात, आणि तुझ्यासमोर काय बोलायचं ते माझ्याजवळ नव्हतं. मला रस्ता पाहिजे होता. मी भिऊन एवढा लांबून आलो. गावाला वाटतं हिमतीनं आलो. दोन्ही असेल.

मुलतानला एका पंपावर एक म्हातारा भेटला. माझं हिंदी ऐकून जवळ आला. म्हणाला, "दक्कन के हो?" तो निजामाच्या काळात मुधोळच्या तहसिलीत पेशकार, म्हणजे कारकून होता. घरी नेलं, जेवू घातलं. विचारलं, "गोदावरी में पानी कित्ता है?" मी म्हणालो, चार वर्षांत पाहिलं नाही, पण असेल. तो म्हणाला, "मुधोल, जिला नांदेड़." मी म्हणालो, आता आदिलाबाद. तो हसला. "हम क्या गए, तुम लोगां जिला बदल दिए." मग विचारलं, "घर तो जैनद बोलते, मुधोल में कौन है?"

मी म्हणालो, "बीवी." हा शब्द मी दीड वर्षात बोललो नव्हतो.

"उनको मालूम है तुम आ रए?"

"नहीं."

"तो खत लिखो. नईं आता तो मैं लिख देतूँ."

मी म्हणालो, "नक्को चाचा. मैं खुद लिखूँगा."

तेव्हापासून लिहितो आहे. लाहोर, अमृतसर, झाशी, नागपूर. सगळे कागद फाडले. त्यांत मी फार शहाणा दिसत होतो. हा राहू दिला.

मी चुकलो. तुझ्यावर संशय घेतला आणि तो चारचौघांत बोललो. तू शिकलीस त्याचा मला त्या दिवशी आनंद व्हायला हवा होता. तो आज आहे, त्याचा तुला उपयोग असो वा नसो. त्या ओट्यावर, त्याच लोकांसमोर, काल मी हेही सांगितलं, की ते पत्र तिनं स्वतः लिहिलं होतं. काका उठले. टेप उचलून घरी घेऊन गेले.

उद्या पहाटे निघेन. निर्मलचा घाट, भैंसा, मुधोळ. हार काढून ठेवला आहे, बाजा नाही, मी एकटाच. हा कागद तुझ्या हातात देईन आणि बाहेर उभा राहीन. बोलणार नाही. तू वाच. वेळ लागेल तेवढा लागू दे. खाली जागा सोडली आहे. यायचं नसेल तर तसं लिही, मी वाचीन आणि परत फिरेन, आणि विचारणार नाही की का.

तुझं अक्षर ओळखायला इतका फेरा घेतलेला,
सुधाकर

*

सोमवार, सकाळ

तुम्ही आठ वाजता बालवाडीत आले. पत्र दिले. मी दोनदा वाचले. तुमचे अक्षर चांगले नाही. तुर्कस्तानचा डोंगर नीट लागला नाही, तो तोंडी सांगा. द्वारकाबाईंची आता मुधोळला बदली झाली आहे, त्या आल्या होत्या, वाचून देऊ का म्हणाल्या. मी नको म्हटले.

ओट्यावर सांगितले ते बरे केले. आधीच सांगायचे होते.

मला काम सोडता येत नाही. सव्वीस लेकरे आहेत. खिचडी मीच रांधते. जैनदला राहायचे का मुधोळला हे दोघांनी बसून ठरवू, आज एकदम नाही.

तुम्ही लिंबाखाली उभे आहात आणि लोक पाहून राह्यले. आत या. रांजणात पाणी नाही, दोन घागरी आणून टाका. बारा वाजता सुटी होते. मग मी येते, बसून बोलू.

रुख्मिणी