अमेरिकेतलं दुखणं, आमचा घसा

आदरणीय सेलेस्तीन वन्सं,

ऑनोरीनचा वाकून नमस्कार. (वाकल्यावर सरळ व्हायला हल्ली वेळ लागतो, तेव्हा नमस्कार लांबलेला वाटला तर ती भक्ती समजू नये.) तुमचे गुडघे कसे आहेत? बेकरीची भट्टी नीट पेटते ना? कॅलिफोर्नियात म्हणे थंडीच पडत नाही. मग माणसं भेटल्यावर कुरकुरतात तरी कशाबद्दल, ते सवडीने कळवावं. इकडे खोऱ्यात सगळं बरं आहे. बदकं लठ्ठ आहेत, मी नाही.

हे पत्र तुमच्या भावाचा नातू, आपला आन्सेल्म, लिहितो आहे. त्याला डॉक्टरांनी एक शब्दही बोलायची बंदी केली आहे. म्हणून मी सांगते आणि तो निमूट लिहितो. असा श्रोता मला जन्मात मिळाला नव्हता, तुमचे बंधू होते तेव्हाही नाही. अडचण एवढीच, की मला अक्षर कळत नाही आणि लिहिलेलं वाचून दाखव म्हणावं तर हा बोलू शकत नाही. थोडक्यात, काय लिहिलं जातंय ते पत्र तुमच्या हाती पडल्यावरच कळायचं.

तुम्ही बोटीवर चढलात तेव्हा आन्सेल्म पाळण्यात होता आणि कान तेवढे पाळण्याबाहेर होते. ते अजून तसेच आहेत. (लिही बाळा, खरं आहे ते लिही.) या कानांपायीच त्याचं नाटक बुडालं. पॅरिसला नट व्हायला गेला, तिथे द्वारपाल झाला, दोनदा प्रेत झाला, आणि प्रेताचे कान बघून लोक हसले म्हणून तेही गेलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की डोळे मिटून ऐकलं तर हा पोरगा उंच आणि देखणा आहे. तेव्हापासून तो अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर उभा राहतो आणि अमेरिकन सिनेमातल्या त्या वेस कार्मोडीला आपल्या भाषेत बोलता करतो. आता आमच्याकडे रीत अशी, की एका नटाला एकदा एक आवाज लागला की तो जन्माचा. लग्नच म्हणा, फक्त नवरा-नवरीने एकमेकांना पाहिलेलं नसतं. कार्मोडीने तोंड उघडलं की अख्खा देश आन्सेल्मला ऐकतो. आणि आन्सेल्मने खाटकाच्या दुकानात तोंड उघडलं की खाटकीण म्हणते, उगाच कार्मोडीची नक्कल करू नका, शोभत नाही. लग्नही त्यामुळेच राहिलं. मुली टेलिफोनवर भाळतात, मग भेटायला येतात.

म्हणून मी दर रविवारी त्या अमेरिकन माणसाच्या नावाने देवळात मेणबत्ती लावते. तो पडद्यावर घोड्यावरून पडला तरी मी अंथरूण धरते. पाद्रीबाबांनी एकदा विचारलं, हा कार्मोडी आपला कोण? मी म्हटलं, आन्सेल्मचं पोट. ते म्हणाले, अहो, पण तो आपल्या पंथाचा नाही. मी म्हटलं, मेणबत्ती आहे ना आपल्या पंथाची.

तर काय झालं, द्राक्षं उतरवून झाली आणि आन्सेल्म अचानक दारात उभा. ‘आजी’ म्हणाला, तर मला वाटलं कुणी गंजकं फाटक उघडलं. माझ्या काळजाचं पाणी झालं. मी त्याला धरून चुलीजवळ बसवलं, दुधात रानओवा आणि आपल्याच पोळ्यांचा मध घालून पाजलं, मानेला बदकाची चरबी चोळून लोकर गुंडाळली, वर मिरी घालून गरम वाइन. तो दोन्ही हात हलवून नको नको करत होता. पण आजारी माणूस नकोच म्हणतो, त्याचं ऐकायचं नसतं. असं रोज केलं. आणि एका सकाळी तो खाली आला नि म्हणाला, ‘कॉफी झाली का?’ वन्सं, पितळेची घंटा वाजली जणू. मी देवाला हात जोडले. त्याने स्वतःचा आवाज ऐकला आणि तिथेच पायरीवर बसला.

‘आजी,’ तो म्हणाला, ‘तू मला बरं केलंस. आता मी मेलो.’

मग उलगडा झाला. कार्मोडीच्या घशाची शस्त्रक्रिया झाली होती आणि नव्या सिनेमात तो खरवडल्यासारखं बोलत होता. पॅरिसच्या साहेबांनी आन्सेल्मला सांगितलं, तुमचा आवाज आता त्याच्यापेक्षा चांगला आहे, चालणार नाही. सोमवारी परीक्षा घेऊ, जमलं नाही तर दुसरा माणूस. आणि दुसरा म्हणजे जन्माचा दुसरा. म्हणून हा बिचारा कित्येक दिवस चिरूट ओढत होता, फुटबॉलच्या मैदानावर दोन्ही बाजूंनी ओरडत होता. एवढ्या कष्टाने बिघडवलेला घसा मी मधात बुडवला.

मी म्हटलं, रडू नकोस, बिघडवायला गाव आहे. बेर्नात नावाच्या आमच्या धनगराने त्याला कुरणावर नेऊन मेंढ्यांना हाका मारायला लावल्या. संध्याकाळी आवाज जसाच्या तसा, वर पलीकडच्या गावच्या मेंढ्या मागे मागे आलेल्या. मग मी त्याला शेजारच्या पेयोकडे धाडलं, आपल्या बांधावरच्या चराचं भांडण घेऊन. पेयो ठार बहिरा. दुपारभर आन्सेल्म ओरडतो आहे, चर आमचा, चर आमचा. शेवटी पेयो म्हणाला, ‘अरे पोरा, कुजबुजतोस काय? तुझी आजी बघ कशी मोकळेपणी बोलते.’ तिथे आवाज फाटला. (चरही आपलाच, असं पेयोने कबूल केलं, पण तो निराळा विषय.)

सोमवारी साहेबांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, हाच घसा. काम मिळालं, झालंही. पण शेवटच्या दिवशी शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि मागोमाग आवाजही गेला. डॉक्टर म्हणतात, विश्रांतीने परत येईल. पुन्हा असा फाडला तर मात्र यायचा नाही. आणि तिकडे तो अमेरिकन जरा खोकला थांबला की पुढच्या सिनेमाला उभा राहणार आहे, त्याच खरवडलेल्या आवाजात. आता आमच्या पोराने काय करावं? एकाच गळ्यात दोघांचं दुखणं किती दिवस वागवायचं?

बाकी क्षेम. लहानमोठ्यांना आठवण सांगा, मोठं तुमच्याहून कुणी उरलं असेल तर.

तुमची भावजय,
ऑनोरीन

ता. क. सोबतच्या पेटीत दोन बरण्या मध, रानओव्याची जुडी आणि डबाभर बदकाची चरबी आहे. तुमच्यासाठी नाही. तो कार्मोडी तुमच्याकडे पाव घ्यायला येतो (आणि शिळा आहे का विचारतो), असं तुम्ही मागे कळवलं होतं. त्याला सकाळ-संध्याकाळ गरम दुधातून द्या, मानेला चरबी चोळा. नको म्हणेल, ऐकू नका. त्याचा गळा सुटला की आमचा सुटेल.

आणखी ता. क. लिहिणारा कपाळावर हात मारतो आहे. तेही लिही म्हटलं, तर लिहिलंय म्हणून खूण करतो.

शेवटचं. हे टपालवाल्या रेमोंदबाईंकडून लिहून घेते. आन्सेल्मला पेटीसाठी सुतळी आणायला धाडलंय. बाईंनी पत्र वाचून दाखवलं. पोराने सगळं इमानाने लिहिलंय, कानांसकट. वन्सं, शाळेसाठी घर सोडल्यापासून तो इतके दिवस माझ्याजवळ कधी राहिला नव्हता. माझ्यासमोर शेंगा सोलत बसतो, मी बोलते, तो ऐकतो. तेव्हा पेटी पोचली तरी घाई करू नका. ईस्टर होईपर्यंत त्या अमेरिकनाला थोडं खोकू द्या. मेणबत्ती मी लावतेच आहे, मरायचा नाही तो.