म्हशीचे बूच

मी, खाली सही करणारा, वय एकोणसत्तर, निवृत्त मेकॅनिक, हे पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून न लिहिता लिहीत आहे. हात कापतो, डोके नाही. थकलो आहे, म्हणून थोडक्यात.

१. राहते घर पत्नीचे, तिच्यानंतर मुलीचे. वरची खोली भाड्याने द्यावी की नाही यावर आम्ही तीस वर्षे भांडलो. आता पत्नीने खुशाल द्यावी.

२. बँकेत जे असेल ते मुलीचे.

३. हत्यारांची पेटी डेपोतल्या वेल्डरला. मोठा पाना पेटीत नाही. माझ्या मेहुण्याने तो अकरा वर्षांपूर्वी "उद्या देतो" म्हणून नेला. तोही वेल्डरचाच, मागून घेण्याची कटकट मात्र त्याच्या गळ्यात पडते, याचे वाईट वाटते.

४. परसातली गाडी धाकट्या भावाच्या मुलीला. रस्त्यावर चाकांनी आणि नदीत पंख्याने चालणारी ही बस पलीकडच्या वस्तीला माणसे नेत असे. पाण्यात शिरली की बाहेर यायला कुरकुरायची, म्हणून सगळे तिला म्हैस म्हणत. भंगारात निघाली तेव्हा मी घरी आणली. पत्नी म्हणाली, "दावं आणलंत का?" गाडी चालू आहे. किंमत लिहीत नाही; पाण्यात म्हैस, बाहेर मोल, हे मला जमत नाही.

५. हे कलम लिहायला एकोणीस वर्षे लागली.

म्हशीच्या बुडाला एक बूच होते. डेपोत आली की ते काढून आत साचलेले पाणी सोडायचे. नियम एकच: जो बूच काढेल त्याने ते सुतळीने स्टिअरिंगला बांधायचे, म्हणजे ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर राहते. त्या सकाळी बूच मी काढले, तेवढ्यात साहेबांनी हाक मारली, आणि ते मी खिशात टाकले. ड्रायव्हर माझा धाकटा भाऊ. स्टिअरिंग मोकळे बघून त्याने गाडी नदीत घातली.

छातीभर पाण्यात म्हैस बसली. तेवीस माणसे चालत काठाला आली, कोणी दगावले नाही. चौकशीत सगळ्यांनी इतके विचारले की त्याला स्वतःचीच खात्री वाटेना. म्हणाला, "आदल्या संध्याकाळी मीच काढलं असेल, बांधायला विसरलो असेन."

मी शेजारच्या खुर्चीवर मूग गिळून बसलो. बूच खिशातच होते.

त्याची नोकरी गेली, माझी राहिली. तेव्हापासून त्याने कशाचेही चाक हातात धरलेले नाही. कुलूप लावले की तीनदा ओढून बघतो. लोक हसतात. मीही हसलो आहे.

६. धाकट्याच्या नावे या कागदात काही नाही. ज्याला काही मिळते त्याने साक्ष करू नये, असे वकीलसाहेब सांगतात, आणि मला साक्षीदार तोच हवा. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, असेही ते म्हणाले. याने वाचावा. मेल्यावर कळवणे सोपे होते. बूच सुतळी बांधून टेबलावर ठेवले आहे.

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: नऊ फेब्रुवारी, सकाळी
सही: (थोडी वाकडी, पण माझीच)

साक्षीदार १: शेजारचे शिंपी. माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २: धाकटा भाऊ. तीनदा वाचून सही केली. बूच नेतो आहे. आज बोलायला नको, दादा. म्हशीची किल्ली वहिनीकडून घेतली.