न्हाणीघरातला पितळी दांडा

१५ नोव्हेंबर १९५३, रविवार. सकाळी ९.
निश्चय. आई येण्याआधी न्हाणीघराच्या भिंतीत धरायला दांडा बसवायचा. स्वतः. पुण्याला श्यामदादाच्या घरी ती मोरीत पडली आणि तीन महिने अंथरुणावर होती. दादाला स्पष्ट लिहिलं आहे, माझ्याकडे असलं काही होणार नाही, आईला कलकत्त्याला आणून सोड. ४ डिसेंबरला येतात. एकोणीस दिवस हातात आहेत. काम अर्ध्या तासाचं.
सौ. म्हणाली, मिस्त्री बोलवा. दुर्लक्ष केलं.

१७ नोव्हेंबर.
दांडा मिळाला. खिदिरपूरला, आमच्या कस्टम्स ऑफिसच्या मागे भंगारवाल्याकडे. जहाजाच्या जिन्याचा, अस्सल पितळ. याने वादळात खलाशी सावरले असणार. आई म्हणजे वजनाने जेमतेम सहा स्टोन. भिंतीचं अजून पाहिलं नाही, पण भिंत काय, भिंतच असते.

२२ नोव्हेंबर, रविवार. ११ वाजता.
छिन्नीने दोन भोकं पाडायची होती. प्लास्टर चुन्याचं निघालं. पहिलं भोक पेरूएवढं झालं, दुसरं जरा मोठं. खालून घरमालक शरच्चंद्रबाबू वर आले. ठोकण्याने त्यांच्या वडिलांची तसबीर पडली म्हणे. ‘मिस्त्री डाकुन, मोशाय, मिस्त्री डाकुन,’ एवढंच पालुपद. आमच्या बालीगंजमध्ये सगळ्यांना मिस्त्री बोलवायचंच सुचतं.

दुपारी ४.
बसला! उंची तीन फूट, इंग्रजी मासिकात दिली आहे तशी. सौ. आत जाऊन आली आणि म्हणाली, आई पाटावर बसून आंघोळ करतात, त्यांचा हात तिथवर कसा पोचणार? मासिकातल्या चित्रात टब होता, हे मी पाहिलं नव्हतं असं नाही. टब वजा करायचा राहिला.

२३ नोव्हेंबर.
दांडा काढला. स्क्रू नुसत्या बोटांनी निघाले. त्यामुळे वेळ वाचला.

२५ नोव्हेंबर, बुधवार.
शरच्चंद्रबाबूंनी मला न विचारता मिस्त्री पाठवला. म्हातारा माणूस, सियालदहहून आला. भिंत बोटाने वाजवून पाहिली. म्हणाला, प्लास्टर सोडा, आत विटेत जा. लाकडाची गुट्टी एका टोकाला रुंद करा, रुंद टोक भिंतीत आत घाला, भोवती सिमेंट भरा. सात दिवस पाणी मारा, तोवर दांड्याला हात लावू नका.
रुंद टोक आत! मी जन्मात अशी खुंटी ठोकलेली पाहिली नाही. नम्रपणे वाटेला लावला. सौ. मात्र त्याला चहा देऊन सगळं पुन्हा विचारत बसली.

२९ नोव्हेंबर, रविवार.
आज खाली, पाटाच्या हिशेबाने. चुकलेली धरून भिंतीत एकूण सहा भोकं. मोकळ्या चारांवर कॅलेंडर लावलं. गुट्ट्या निमुळत्या केल्या, निमुळतं टोक आत घालून हातोडीने ठोकल्या, वरून सिमेंट थापलं. सुंदर दिसतं.

१ डिसेंबर.
वेगळं पाणी मारायची गरज नाही. घरात रोज आंघोळी होतातच. टेस्ट घेतली. दांड्यावर टॉवेल टाकला. दांडा जागचा हलला नाही. मग ओला टॉवेल. तरी नाही. सौ. म्हणाली, आई म्हणजे टॉवेल नव्हेत. बायकांना रिझल्ट दाखवला तरी पटत नाही.

३ डिसेंबर.
किंचित हलतो. हावड्याचा पूलसुद्धा किंचित हलतो, असं ऑफिसात कुणीतरी म्हणालं होतं.

४ डिसेंबर, शुक्रवार. संध्याकाळ.
आई आली. किती वाळली आहे! हावडा स्टेशनच्या गर्दीत दादाच्या मागून काठी टेकत येताना दिसली आणि मला एकदम रडू आलं. धूर फार होता, असं दादाला सांगितलं. आईला म्हटलं, इथे तू पडणार नाहीस. म्हणाली, तू आहेस ना रे, दिगू.

५ डिसेंबर, शनिवार.
पालथा पडून लिहितो आहे.
सकाळी आंघोळीआधी आईला प्रात्यक्षिक दाखवायचं ठरवलं. ती दारात, मागे दादा आणि सौ. पाटावर बसलो, दांडा धरला, सगळा भार टाकून उठलो. दांडाही माझ्याबरोबर उठला. दोन्ही गुट्ट्या बाटलीच्या बुचासारख्या सुटून आल्या. मी फरशीवर. डॉक्टर म्हणतात, माकडहाडाला मार आहे.
सौ.ने मिस्त्रीला निरोप धाडला, या खेपेला मी अडवलं नाही.
मी फरशीवर होतो तेव्हाच आईने काठी दाराला टेकवून ठेवली, सावकाश आत आली आणि हात पुढे केला. मी नको नको म्हणत होतो. पण धरायला दुसरं काही नव्हतं. तिचा हात धरून उठलो.
तीन आठवडे जपायला सांगितलं आहे. तोवर न्हाणीघरात मला आई धरून नेणार आहे.