जिंकलेल्याला अपील नाही

ब्रह्मा घाट, काशी

मधुवंती, आधी एवढं सांग, जिंकलेल्या माणसाला अपील करता येत नाही हा कायदा तुमच्या अमेरिकेत कुठल्या शहाण्याने केला? हरलेल्याला अपील. मग जिंकलेल्याने काय करावं? जिंकलेलं गळ्यात बांधून घाटावर फिरावं? माणूस जिंकूनही पस्तावतो, एवढं त्या काळ्या झग्यातल्या लोकांना कळू नये! मी तिसरी पास, मला कळतं.

बरं. चि. मधुवंती हीस आजी शरदिनीचे अनेक आशीर्वाद. तुझी प्रकृती ठीक असेलच. वेळेवर जेवत जा, गार दुधात भुसा भिजवून खाणं म्हणजे जेवण नव्हे. तू पाठवलेले लोकरीचे मोजे पोचले, पायांचे आशीर्वाद वेगळे. आमच्याकडे सर्व कुशल, म्हणजे गुडघे होते तसेच आहेत आणि दात नाहीत. दात नाहीत म्हणूनच हे पत्र. कवळीशिवाय मी फोनवर बोलले की तू नुसती "आजी, काय?", "आजी, काय?" करतेस, आणि माझ्यापाशी जेवढा दम आहे तो "काही नाही" म्हणण्यातच संपतो. पत्राची सुरुवात भांडणाने झाली खरी, पण पत्र आभाराचं आहे. मला आभार मानायची सवय नाही, त्यामुळे हात वाकडा पडला.

आता कवळी गेली कशी ते ऐक. आपल्या छताला (तुझी आई गच्ची म्हणते, आम्ही काशीतले छतच म्हणतो) लोखंडी जाळी आहे. काशीत माणसं पिंजऱ्यात आणि माकडं मोकळी, हा विश्वनाथाचाच न्याय, त्यावर अपील नाही. जाळीच्या दाराला कडी, रात्री वर कुलूप, त्याची किल्ली नंदाकडे. घराचा नियम असा की छतावरून जी शेवटी उतरेल तिने कडी घालायची. त्या दिवशी मी आणि तुझी नंदाआजी (म्हणजे माझी धाकटी जाऊ, तुला माहीत आहे, पण मला राग आला की पहिल्यापासून सांगावं लागतं) उन्हात मुगाचे सांडगे घालत होतो. मी कवळी धुऊन सांडग्यांच्या ताटाशेजारी वाटीत ठेवली आणि देवाला दिवा लावायला खाली आले. थोड्या वेळाने वर जाते तो दार सताड उघडं, सांडगे विसकटलेले, आणि समोरच्या देवळाच्या कळसापाशी एक थोराड माकड माझी कवळी तोंडात घालून बसलेलं. सगळी गल्ली माना वर करून बघत होती. त्याला ती बरी बसली नाही. (मलाही बसत नव्हती, पण तो मुद्दा वेगळा.) त्याने ती काढून नीट निरखली आणि गंगेच्या दिशेने भिरकावली. लोकांच्या अस्थी गंगेला जातात, माझे दात आधीच पोचले.

मी म्हटलं, नंदा शेवटी उतरली, कडी तिने घालायची होती. नंदा म्हणाली, जाऊबाई, तुम्ही मधे परत वर आला होतात, शेवटच्या तुम्हीच. मी म्हटलं, मी देवापाशी होते. ती म्हणाली, देवाला साक्षीला बोलवा. झालं, दोघींचं बोलणं बंद. ती वरच्या मजल्यावर, मी खालच्या, आणि मधल्या जिन्यात भाजीची टोपली दोरीने वर-खाली. तीही आपटत.

तेव्हाच तुझा फोन आला होता. तू अपिलाच्या न्यायाधीशबाईंच्या दफ्तरात काम करतेस, आणि तिथे असल्या दिवाणी भांडणांचा निकाल कसा लागतो ते तू मला हौसेने समजावलंस. चोराला शिक्षा द्यायची तर शंकेला जागा नको, पण दोन शेजाऱ्यांच्या भांडणात पारडं जरासं कललं तरी पुरे. निकाल पंच देतात, आणि पंच दोन्ही बाजूंना अनोळखी हवेत. दोघांचीही चूक असेल तर चूक वाटून द्यायची, कुणाची किती ते ठरवायचं, आणि फिर्याद करणाऱ्याचीच चूक निम्म्याहून जास्त निघाली तर तुमच्या त्या ओहायोत त्याला काही मिळत नाही. मला हे फार पसंत पडलं. आपल्या कचेरीत तारखा पडतात, तिथे निदान पारडं पडतं.

मी समोरच्या बिंदुमाधव गुरुजींना न्यायाधीश केलं. घनपाठी माणूस, वेद उलटसुलट तोंडपाठ, स्वर कधी चुकायचा नाही. पंच शोधताना मात्र नाकी नऊ आले. ब्रह्मा घाटावर आम्हाला अनोळखी माणूस कुठून आणणार? आणि आम्हा दोघींविषयी मनात काही नसलेला तर गंगेपारही मिळायचा नाही. शेवटी शेजारच्या धर्मशाळेत आंध्रातली यात्रेकरू मंडळी उतरली होती, त्यांना घाटाच्या पायऱ्यांवर आणून बसवलं. हिंदी अर्धं कळत होतं, पण फुकटचा तमाशा पूर्ण कळत होता. मी म्हटलं, मला भरपाई नको, छताची किल्ली माझ्याकडे हवी. जिला कडी घालता येत नाही तिच्या हातात किल्ली नको.

साक्षीला दूधवाला आला. तो म्हणाला, चहावाल्याने खालून नंदाआजींना शेवटी उतरताना पाहिलं, असं चहावाल्यानेच मला सांगितलं. नंदा लगेच ओरडली, "त्याने पाहिलं तर त्याला आणा ना, हा काय चहावाल्याचा डोळा आहे का?" गुरुजींनी तिला गप्प केलं. दूधवाल्याने हातात गंगाजल घेतलं होतं, गुरुजींना तेवढं पुरलं. त्या मंडळींतल्या एका जाड बाईने मला विचारलं, अम्मा, दात आणि वडे एकाच ठिकाणी का वाळवता? तिने माझ्या माथी थोडी चूक मारली. पण जास्त चूक नंदाची, असं ठरलं. किल्ली माझी. मी जिंकले.

जिंकल्याच्या संध्याकाळी नंदाने किल्ली टोपलीतून खाली सोडली. आपटली नाही. तिथेच मी ओळखलं, हे काही खरं नाही. मग वरून ट्रंक ओढल्याचा आवाज आला. तिने भोपाळला मुकुलला फोन लावला, आणि जिन्यात उभी राहून, मला नीट ऐकू जावं एवढ्या मोठ्याने, म्हणाली, "ज्या घरात मला छताची किल्ली नाही, तिथे मी नाही. ये आणि मला घेऊन जा." मुकुल बँकेतला पोरगा, आईला नेण्यासाठी कित्येक वर्षं टपूनच बसला आहे. म्हणाला, संक्रांत झाली की येतो.

आता मला तिची पडलेली नाही. जायचं तर जावं. पण एवढ्या घरात मी एकटी भांडू कुणाशी? म्हणून तुला फोन करून विचारलं, मला अपील करायचं आहे. (तेव्हा चार वेळा "आजी, काय?" झालं.) तू हसत म्हणालीस, आजी, तू जिंकलीस, तुला अपील नाही, ज्याचं नुकसान झालं त्यानेच करायचं, आणि तेही तीस दिवसांच्या आत. आली पंचाईत! नंदा फुगून बसलेली, ती कसली अपील करते. मी जिन्याखाली उभी राहिले आणि कढईशी बोलावं तशी बोलले, की बाई, अपील करायला छाती लागते, ती काय माहेराहून हुंड्यात मिळते? तिन्हीसांजेच्या आत टोपलीतून तिचा अर्ज खाली आला. दोन शब्दांचा होता. पहिला "अपील", दुसरा मी लिहीत नाही, तू अजून लहान आहेस.

अपिलाला तू सांगितलंस तसे तीन न्यायाधीश. राजा घाटाकडचे तिघे वृद्ध वैदिक बसवले. मी त्यांच्यासमोर नवी साक्ष काढणार होते, की नंदा विसरभोळी आहे, मागे एकदा दूध तापत ठेवून देवळात गेली होती. तिघांनी एकदम हात वर केले. अपिलात नवी साक्ष नाही, खाली जे झालं त्यातच काय चुकलं ते पाहायचं. म्हटलं, ह्यांना हे कुणी शिकवलं? तर शिकवायची गरजच नव्हती ग. ह्या लोकांचं आयुष्यच त्यात गेलेलं. शिष्य वेद म्हणत असतो, हे डोळे मिटून ऐकत असतात. अर्थाशी देणं-घेणं नाही, इंद्र खरा की खोटा ह्याची चौकशी नाही, कुठे चुकला तेवढं धरायचं. माकड खरंच आलं होतं का हेसुद्धा त्यांनी विचारलं नाही. लेखी काही नव्हतं, बिंदुमाधव गुरुजींनी आख्खा खटला तोंडपाठ म्हणून दाखवला, नंदाच्या ओरडण्यासकट. दूधवाला आला तसे तिघांचे डोळे उघडले.

मधला म्हणाला, "गुरुजी, गंगाजल दूधवाल्याच्या हातात होतं. चहावाल्याच्या हातात होतं काय?"

गुरुजी म्हणाले, नव्हतं. मग उजवीकडच्याने विचारलं, हरकत तेव्हाच घेतली होती का? कारण तेव्हा गप्प बसून आता रडलं तर तुमच्या कायद्यात चालत नाही म्हणे. मधुवंती, नंदाने जन्मात कुठल्या वाक्याला तेव्हाच्या तेव्हा हरकत घेतलेली नाही ते दाखव! त्या जिभेने मला आजवर जाळलं, पण त्या दिवशी तीच कामाला आली. तिसऱ्याने विचारलं, ही साक्ष काढून टाकली तरी निकाल तोच लागला असता का? कुणालाच खात्री देता येईना. तेव्हा तिघांनी एका सुरात सांगितलं, स्वर चुकला, इथून पुन्हा म्हणा. निकाल रद्द, खटला परत खाली.

लगेच नंदाने ट्रंक उघडली. म्हणाली, खटला अर्धा टाकून पळाली असं मी म्हणवून घेणार नाही, निकाल लागेपर्यंत मी इथेच. किल्लीही टोपलीत घालून मी वर पाठवली. तिने ती ओढून घेताना दोरी अशी हिसडली की टोपलीचा कान तुटला. बरं वाटलं ग. काल तिने खाली आमटी पाठवली, मीठ जास्त. मी तसं कळवलं. तिने वरून काहीतरी सुनावलं. घर पुन्हा चालू झालं.

म्हणून हे आभार. तुझे, तुझ्या न्यायाधीशबाईंचे, त्या तीन वैदिकांचे, आंध्राच्या मंडळींचे (ती जाड बाई सोडून), आणि माकडाचेही. नव्या कवळीचं माप दिलं आहे, ती येईपर्यंत मी कुणाला चावत नाही, हाही गल्लीला फायदाच. तुझ्या न्यायाधीशबाईंना माझा नमस्कार सांग. त्या खुर्चीवर बसतात म्हणून नव्हे, चुकलं तर पुन्हा म्हणा हे सांगायची सोय त्यांच्याकडे आहे म्हणून.

तुझी आजी,
शरदिनी

ता. क. : खरं काम लिहायचं राहिलंच. बिंदुमाधव गुरुजी दुसऱ्यांदा चुकायला तयार नाहीत, चहावाल्याला धरून आणून संक्रांतीच्या आधी निकाल देतो म्हणतात. निकाल लागला की ट्रंक पुन्हा बांधली जाणार, आणि मुकुल गाडीत बसल्यातच जमा आहे. तेव्हा तुझ्या दफ्तरात विचारून घे, खटला किती वेळा परत पाठवता येतो, आणि लांबवायची एखादी सभ्य युक्ती असेल तर कळव. हे नंदाला कळता कामा नये.

दुसरा ता. क. : पाकिटाला डिंक लावून विश्वेश्वरगंजच्या पोस्टात न्यायचं काम नंदाकडे असतं, आणि न वाचता तिने आजवर एकही पाकीट चिकटवलेलं नाही. तर नंदे, वाचलंस ना सगळं? आता डोळे पूस, डिंकात पाणी पडेल. संक्रांतीनंतर जाणार की राहणार, ह्याचं उत्तर मधुवंतीने द्यायचं नाही, मुकुलने द्यायचं नाही, त्या तिघा म्हाताऱ्यांनीही नाही. तू द्यायचंस, जिना उतरून, माझ्यासमोर उभं राहून, आणि आजच.